मातृस्वप्नाचे भाष्यकार

नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसांच्या बैठकीत दोन विषय कधी संपत नाहीत : एक बदलीचा आणि दुसरा स्वप्नांचा. बदलीची वार्ता निघाली की आपण आदेशाचा क्रमांक विचारतो, तारीख विचारतो, सही कोणाची हे विचारतो. अर्धा जन्म टिपणी आणि दाखला यांत गेलेली हीच माणसे स्वप्नाचा विषय निघाला की पुराव्याची सारी सवय खुंटीस टांगून ठेवतात आणि कोणाच्याही सांगण्यावर माना डोलावतात. त्यातून स्वप्नात आई दिसली असेल तर मग विचारावयासच नको. ज्याला ज्योतिषातले ‘ज’ ठाऊक नाही आणि मानसशास्त्रातले ‘म’ ठाऊक नाही, तोही अशा वेळी भाष्यकार होऊन बसतो. या भाष्यकारांविरुद्ध एक तक्रार गुदरावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. स्वप्नात येणारी आई ही दुसऱ्या कशाची खूण आहे असे मानण्यास कोणताही आधार नाही. तिला खूण ठरविण्याचा जो उद्योग आपल्यात अव्याहत चालला आहे, तो निरुपद्रवीही नाही. त्याने मुलाची दिशाभूल होते आणि गावी वाट पाहत बसलेल्या आईची उपेक्षा होते.

उदाहरण घरचेच देतो, कारण दुसऱ्याच्या स्वप्नाविषयी अधिकाराने बोलता येत नाही. मी ओरत्तनाडूस आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी आई लागोपाठ तीन रात्री स्वप्नात आली. स्वप्नात फारसे काही घडत नव्हते. ती कराडकडील आमच्या घराच्या सोप्यात सूप घेऊन जोंधळा निवडीत बसली होती आणि मान वर करीत नव्हती. एवढेच. हे मी सहज चौघांजवळ बोललो आणि चौघांनी चार अर्थ लावले. पंचांगातील स्वप्नफलाचे कोष्टक मुखोद्गत असलेले एक गृहस्थ म्हणाले, आई आणि धान्य एकत्र दिसले, धनलाभ निश्चित. दुसरे म्हणाले, मान वर करीत नाही ती तुमची आई नसून आईच्या रूपाने आलेली कुलदेवी आहे. ओटी राहिली असेल, ती रुसली आहे. तिसरे नव्या विद्येचे. त्यांनी डोळे बारीक करून, धान्य, सूप आणि सोपा या तिन्हींचा जो अर्थ सांगितला तो या मासिकाच्या पानांवर छापण्याजोगा नाही. चौथे आमच्या लहानशा मराठी मंडळातील वक्ते. त्यांच्या मते ती आई म्हणजे माय मराठी. परमुलखात रमलेल्या लेकराकडे ती पाहावयास तयार नाही.

स्वप्न एक आणि अर्थ चार, इतकेच नव्हे तर चारही अर्थ परस्परांस छेद देणारे. एक म्हणतो आनंद मान, दुसरा म्हणतो प्रायश्चित्त घे, तिसरा म्हणतो लाज बाळग, चौथा म्हणतो परत चल. कचेरीत एकाच प्रकरणावर अशा चार टिपण्या आल्या असत्या तर आपण ती नस्ती परत पाठविली असती.

आता एकेका भाष्यकाराचा क्रमाने समाचार घेऊ.

प्रथम कोष्टकवाले. आमच्या शास्त्रांत स्वप्नविचार आहे, अथर्ववेदाच्या परिशिष्टांत स्वप्नाध्याय आहे, जगद्देवाचा ‘स्वप्नचिंतामणि’ आहे, असे सांगून हे लोक समोरच्याचे तोंड बंद करतात. शास्त्र म्हणताच आपण गप्प बसतो, आणि तेथेच आपली चूक होते. कारण शास्त्र वाचून पाहिले तर ते यांच्या बाजूस पुरते उभे राहत नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. जे पाहिले, जे ऐकले, जे अनुभविले, ज्याची इच्छा धरली आणि ज्याची मनाने कल्पना केली, त्यांतून उठणारी पहिली पाच प्रकारची स्वप्ने वैद्याने निष्फळ समजावीत, असा चरकाचा स्पष्ट निर्णय आहे. भाविक स्वप्न, म्हणजे पुढचे सुचविणारे, त्याला मान्य आहे हे मी लपवीत नाही. परंतु वाचकहो, तुमची आमची आई स्वप्नात येते ती या सातांपैकी कोणत्या दाराने येते? आईइतकी पाहिलेली, ऐकलेली, अनुभवलेली आणि परगावी असताना मनाने मागितलेली दुसरी वस्तू कोणती? सूप, सोपा आणि जोंधळा माझ्या डोळ्यांखालून हजार वेळा गेलेला आहे. तो पुन्हा दिसला म्हणजे भविष्य उघडले असे म्हणणारा माणूस चरकाचा शिष्य खचित नव्हे. प्रकार न तपासता सरसकट फळ सांगणारे कोष्टक म्हणजे रोग्याची नाडी न पाहता सर्वांस एकच मात्रा देणारा वैदू.

कोणी म्हणेल, भरताचे काय? आजोळी असताना त्याला दुःस्वप्न पडले आणि पाठोपाठ अयोध्येहून दूत आलेच ना? आले. परंतु ते रामायण आहे. स्वप्न रचणारा कवी आणि पुढचा सर्ग रचणारा कवी तेथे एकच आहे. दशरथाचा अंत झालेला आहे हे वाल्मीकींस ठाऊक होते आणि आपणांसही ठाऊक होते. काव्यातील स्वप्न खरे ठरते, कारण कवीने ते खरे ठरविलेले असते. आपल्या आयुष्याचा पुढचा सर्ग अजून कोणी लिहिलेला नाही. शिवाय भरत निघाला तो दूतांच्या निरोपावरून; स्वप्नाचा अर्थ सांगणाऱ्याच्या सल्ल्यावरून नव्हे.

दुसरे भाष्यकार रुष्ट कुलदेवीचे आणि अतृप्त पितरांचे. आई जिवंत असेल तर हे लोक तिच्यात कुलदेवी पाहतात, आणि ती गेलेली असेल तर तिला अतृप्त आत्मा ठरवितात. गेलेली आई स्वप्नात पाणी मागते, जेवावयास मागते, किंवा नुसती दारात उभी राहते, की लगेच त्र्यंबकेश्वरी जाऊन तीन दिवसांचा नारायणनागबळी करण्याचा सल्ला तयार. मी श्रद्धेची टवाळी करीत नाही. तुळजापुरास जावे, ओटी भरावी, श्राद्ध करावे. ज्याला त्यात समाधान आहे त्याने ते अवश्य करावे. माझा आक्षेप निराळा आहे. भक्तीने भरलेली ओटी आणि भयाने भरलेली ओटी यांत अंतर आहे. ज्या बाईने आयुष्यभर आधी मुलांस वाढले आणि उरले ते आपण खाल्ले, ती मेल्यानंतर मुलाच्या मागे भूक भूक करीत फिरते, नाही दिले तर त्याची बढती अडविते, त्याच्या मुलीचे लग्न मोडते, असे मानणे हा त्या बाईचा किती मोठा अपमान आहे याचा विचार हे लोक करीत नाहीत. जिवंतपणी तिने कोणाचे वाईट चिंतिले नाही. मेल्यावर मात्र आपण तिला खंडणी मागणारी करून टाकले. मुलाला आई आठवली, एवढ्या सरळ गोष्टीस दोष हे नाव देण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

तिसरे भाष्यकार व्हिएन्नाचे. सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नमीमांसेवरील ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला आणि त्यावर १९०० हे साल घातले होते. त्या ग्रंथाने मनुष्याच्या मनाचा एक बंद दरवाजा उघडला हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ग्रंथकर्ता निराळा आणि त्याचे उष्टे वेचणारे निराळे. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात फ्रॉइड यांनी आपल्या बालपणीचे आईविषयीचे एक स्वप्न नमूद केले आहे. सातआठ वर्षांचे असताना त्यांनी पाहिले की, पक्ष्यांच्या चोची असलेली काही माणसे त्यांच्या निद्रिस्त, शांत चेहऱ्याच्या आईला उचलून आणून बिछान्यावर ठेवीत आहेत. मूल रडत ओरडत जागे झाले. तीस वर्षांनंतर या स्वप्नाचा उलगडा करताना फ्रॉइड त्याच्या मुळाशी एका दडपलेल्या वासनेपर्यंत पोहोचतात. ते खरे की खोटे हा वाद विद्वानांनी करावा. मला त्या वृत्तांतातील दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो, आणि तो स्वतः फ्रॉइड यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवला आहे : ते मूल शांत झाले ते आईचा चेहरा पाहिल्यावर. त्या रात्री त्याला अर्थाची गरज नव्हती. आई जिवंत आहे एवढे त्याला पाहावयाचे होते आणि ते त्याने पाहिले. अर्थ आला तीस वर्षांनी. उपाय त्याच क्षणी झाला होता.

आमच्या नवशिक्षित भाष्यकारांना हा तपशील दिसत नाही. त्यांना हेही ठाऊक नसते की, कलकत्त्यास १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी फ्रॉइड यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला आणि आपल्या हिंदी रोग्यांच्या मनाची घडण युरोपीय रोग्यांसारखी तंतोतंत आढळत नाही हे त्यांना कळविले. ज्या विद्येच्या पहिल्याच पिढीत असा मतभेद झाला, तिची दोन सूत्रे ऐकून कचेरीतील चहाच्या वेळी सहकाऱ्याच्या आईविषयी निकाल देणे, यास विद्वत्ता म्हणत नाहीत.

आता चौथे भाष्यकार. यांच्याशी माझे भांडण अधिक जवळचे आहे, कारण हे आपल्यातले आहेत. किंबहुना आपण बहुतेक सारे यांतलेच आहोत. आई म्हणजे मायभूमी, आई म्हणजे मायबोली, हे समीकरण आपल्या व्यासपीठांवर इतके घासले गेले आहे की, आई म्हटले की बाई आठवतच नाही, नकाशा आठवतो. हे समीकरण आपण शोधून काढले असाही कोणी अभिमान बाळगू नये. इफेससच्या आर्टेमिडोरसाने इ. स. च्या दुसऱ्या शतकात स्वप्नशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला, त्यात आईविषयीच्या निषिद्ध स्वप्नांचा अर्थ लावताना कारागिराची आई म्हणजे त्याचा धंदा, राजकारणी पुरुषाची आई म्हणजे त्याचा देश, आणि परदेशी असलेल्या माणसाला असे स्वप्न पडले तर तो स्वदेशी परतेल, अशी सोय त्याने करून ठेवली आहे. आमच्या मंडळातील वक्त्यांनी नवे असे काही सांगितलेले नाही.

या समीकरणाची किंमत काय, हे पाहावयाचे असेल तर हिपियासची कथा पाहावी. हा अथेन्सचा हुसकून लावलेला जुलमी शासक. इराणी सैन्याचा वाटाड्या होऊन तो इ. स. पूर्व ४९० साली आपल्याच देशावर चालून आला, आणि मॅरेथॉनच्या युद्धापूर्वी त्याला आईविषयी तसेच एक निषिद्ध स्वप्न पडले. त्याने अर्थ लावला की, आपण अथेन्सला परत जाऊ, राज्य मिळवू आणि म्हातारे होऊन मातृभूमीत मरू. हेरोडोटस सांगतो की, किनाऱ्यावर सैन्याची व्यवस्था लावीत असता या म्हाताऱ्यास जोराची शिंक आली, हलणारा एक दात वाळूत उडून पडला आणि शोधूनही सापडला नाही. तेव्हा तो हताश होऊन म्हणाला की, या भूमीतला माझा वाटा माझ्या दाताने घेतला. या गोष्टीवर आपण हसतो. परंतु तिच्यातला बोध हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आईला देशाचे चिन्ह मानणारा हा मनुष्य त्याच देशावर परकी फौज घेऊन आला होता. मातृभूमीचे रूपक मनात बाळगल्याने मातृभूमीविषयी कर्तव्य घडते असा नियम नाही.

ज्युलियस सीझरच्या बाबतीत तर भाष्यकारांची लबाडी हातोहात सापडते. त्यालाही तसलेच स्वप्न पडले. सुएटोनियस म्हणतो, ते तो तरुणपणी स्पेनमध्ये अधिकारावर असताना पडले, आणि भाष्यकारांनी आई म्हणजे पृथ्वी असा अर्थ करून त्याला जगाचे राज्य देऊन टाकले. प्लूटार्क म्हणतो, ते रुबिकॉन नदी ओलांडण्याच्या आदल्या रात्री, म्हणजे इ. स. पूर्व ४९ साली पडले. दोहोंत सुमारे वीस वर्षांचे अंतर. स्वप्न त्याच्या आयुष्यात जेथे शोभून दिसेल तेथे नेऊन बसविण्यात आले आहे. सीझर जर स्पेनमध्येच तापाने मेला असता, तर या स्वप्नाची कोणी वार्ताही केली नसती. फळ मिळाल्यावर झाड दाखविणारे हे शास्त्र आहे.

आणि माय मराठीच्या भाष्यकारांना मला आणखी एक विचारावयाचे आहे. आपण ज्या तंजावर जिल्ह्यात आज पोट भरण्यास आलो आहोत, तेथे व्यंकोजीराजांच्या काळापासून, म्हणजे सुमारे साडेतीनशे वर्षे, मराठी घराणी नांदत आहेत. त्यांच्या आया, आज्या, पणज्या कावेरीच्या पाण्यावर वाढल्या. त्यांपैकी एखाद्यास आई स्वप्नात दिसली तर ती त्याला कोठे बोलावते? पुण्यास? त्याने ते कधी पाहिलेही नसेल. त्याची आई तंजावरचीच आहे आणि तिचे मराठीही तंजावरचेच आहे. म्हणजे तुमचे चिन्ह फक्त सरकारी बदलीवर आलेल्यांपुरते खरे, आणि कायमचे वसलेल्यांपुरते खोटे. आईला चिन्ह केले की तिला एक पत्ता द्यावा लागतो, आणि तो पत्ता देणारा मंडळाचा चिटणीस असतो!

याच ओरत्तनाडूत, तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एक जुनी वास्तू आहे. तिला मुक्तांबाळ छत्र म्हणतात. दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी हे अन्नछत्र त्यांनी उभारले आणि त्याला आपल्या प्रिय सहचरीचे, मुक्तांबेचे, नाव दिले. मरणशय्येवर तिने आपल्या नावाने छत्र चालवावे एवढेच मागितले, असे परंपरा सांगते. नीडामंगलमला यमुनांबाळ छत्र आहे, मणमेल्कुडीस द्रौपदांबाळ छत्र आहे. या सर्व नावांच्या अखेरीस ‘अंबा’ आहे, म्हणजे आई. येथील तमिळ माणूस तर भाजीवालीसही अम्मा म्हणतो आणि कलेक्टरीणबाईंसही अम्मा म्हणतो.

या छत्रांत काय चालत असे, हे सरफोजीराजांनी स्वतः १८०१ साली रेसिडेंट टॉरिन यांस लिहिलेल्या पत्रात सविस्तर सांगितले आहे. राज्य गेले होते. छत्रे तरी आपल्या हाती राहावीत म्हणून राजाने हे पत्र लिहिले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत कोणीही वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळे. ज्याला शिजलेले चालत नसे त्याला शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवीत आणि ज्यांचे जेवण राहिले असेल त्यांना बोलावीत. वाटसरूंची पोरकी मुले पंतोजीच्या हवाली करून त्यांना जेवू घालीत आणि दर चौथ्या दिवशी तेल लावीत. गर्भवती प्रवासिनीची विशेष काळजी घेत. छत्रातच बाळंत झाली तर तिचा औषधपाण्याचा खर्च छत्र करी आणि तीन महिने तिला तेथे राहू देत.

वाचकहो, या राजास गेलेली प्रिय व्यक्ती कधी स्वप्नात दिसली की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. दिसली असेल तर तिचा अर्थ कोणी लावला हेही लिहून ठेवलेले नाही. लिहून ठेवले आहे ते एवढेच : किती जणांना वाढायचे, घंटा केव्हा वाजवायची, मुलांना तेल कितव्या दिवशी लावायचे, बाळंतिणीला किती महिने ठेवायचे. तिच्या नावाच्या अखेरीस अंबा होते, आणि त्या अंबेचा अर्थ त्यांनी शब्दकोशात शोधला नाही. भाताच्या हंड्यात शोधला. मृताची आठवण पीडा देते तेव्हा माणसाने काय करावे, याचे उत्तर ओरत्तनाडूच्या रस्त्यावर दोनशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. आम्ही त्याच्यावरून रोज बसने जातो आणि कचेरीत पोहोचून स्वप्नफलाचे कोष्टक उघडतो.

येथे साहित्यिक आक्षेप घेतील. ते म्हणतील, चिन्हे काढून टाकली तर वाङ्मय उरेल काय? आई हे मराठी वाङ्मयाचे सर्वांत समर्थ प्रतीक नव्हे काय? मी म्हणतो, नव्हे. आणि साक्षीला साने गुरुजींना बोलावतो. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. घरापासून तुटलेला, भिंतीआड कोंडलेला माणूस. आईला भारतमातेचे रूपक करून एखादे ओजस्वी काव्य लिहिण्यास याहून योग्य जागा कोणती होती? त्यांनी काय केले? बेचाळीस रात्रींत बेचाळीस गोष्टी सांगितल्या, आणि त्यांतील आई कोकणातल्या एका घरात राहते, आजारी पडते, कर्जापायी अपमान सोसते, मुलाला रागे भरते. ती कशाचे प्रतीक नाही, म्हणूनच ती सर्वांची झाली. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते याच बाईच्या बळावर. लेखकाने तिला आधीच प्रतीक करून ठेवले असते, तर वाचकाला तिच्यात आपली आई सापडली नसती.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ते म्हणतात, अर्थ खोटा असला म्हणून काय बिघडले? तेवढाच मनाला धीर मिळतो. हा आक्षेप सर्वांत सौम्य दिसतो आणि सर्वांत घातक आहे. त्याचा एक दाखला देतो. दुसऱ्या एका कचेरीतील एका मराठी गृहस्थांस आई मरण पावल्याचे स्वप्न पडले. ते घाबरले आणि दिवाळीला गावी जाण्यासाठी रजेचा अर्ज त्यांनी लिहिला. शेजारच्या टेबलावरील अनुभवी सहकाऱ्याने त्यांना समजाविले की, स्वप्नात मृत्यू दिसला म्हणजे त्या माणसाचे आयुष्य वाढते. हा तर शुभ संकेत. गृहस्थांच्या जिवात जीव आला आणि अर्ज फाडला गेला. पुढे काही भयंकर घडले असे मी सांगेन अशी वाचकांची अपेक्षा असेल. तसे काही घडले नाही. ती माउली आजही धडधाकट आहे, आणि सहकाऱ्याचे भाकीत खरे ठरले असे म्हणावयास कोणी मोकळा आहे. परंतु त्या दिवाळीस तिने करंज्या केल्या, वाट पाहिली आणि शेजाऱ्यांच्या मुलांना त्या वाटून टाकल्या. स्वप्नाने मुलाला गावाकडे ढकलले होते. अर्थाने त्याला पुन्हा खुर्चीत बसविले. खोट्या धीराची किंमत ही अशी असते, आणि ती धीर घेणारा भरीत नाही, दुसरे कोणी तरी भरते.

हाच माझ्या तक्रारीचा गाभा आहे. स्वप्नाचा अर्थ लावताना आपण आईपासून दूर जातो. ती दिसली, आणि आपण लगेच विचारले, मला धन मिळेल काय? माझ्यावर दोष आहे काय? माझ्या मनात कोणती ग्रंथी आहे? माझी भाषा मला बोलावते काय? चारही प्रश्नांत ‘मी’ आहे. तिचे गुडघे दुखतात काय, मोतीबिंदू पिकला काय, गॅसचे सिलिंडर कोण बदलून देतो, पेन्शनसाठी बँकेत कोण घेऊन जाते, यांतला एकही प्रश्न कोणत्याच भाष्यकारास सुचत नाही. केंद्र सरकारच्या रजा प्रवास सवलतीच्या नियमांत पूर्णतः आश्रित आईवडिलांस कुटुंबात धरले आहे. स्वग्रामी जाण्यास दोन वर्षांतून एकदा भाडेही मिळते. सरकारच्या रुक्ष नियमपुस्तकात आई ही एक व्यक्ती आहे, तिला वय आहे, उत्पन्न आहे आणि प्रवासभाडे आहे. आमच्या रसिक बैठकीत मात्र ती केवळ एक संकेत होऊन राहते. रुक्षता कोणाची अधिक?

राहता राहिला माझ्या स्वप्नाचा अर्थ. ज्या एका व्यक्तीस तो विचारण्याचे चौघांपैकी कोणासही सुचले नाही, तिला मी विचारला. फोनवर सारी हकीकत सांगितली. जोंधळा, सूप, सोपा, मान वर न करणे. पलीकडे क्षणभर ती हसली आणि म्हणाली, “आरं, स्वप्नात तरी मला जरा बसू दे की! तिथंबी जोंधळाच निवडायला लावलास?” मग तिने विचारले की मी जेवलो का. हाच प्रश्न येथील घरमालकीण रोज सायंकाळी जिन्यात भेटली की मला विचारते : “साप्पिट्टाच्चा?” दोन भाषा, दोन बाया, आणि प्रश्न एकच, त्यात कोणते प्रतीक दडले आहे हे शोधण्यापेक्षा त्याचे खरे उत्तर देणे अधिक सभ्यपणाचे.

तेव्हा परमुलखातील माझ्या बांधवांस माझी विनंती आहे. ज्यांची आई हयात आहे त्यांनी तिच्या स्वप्नाचा अर्थ तिलाच विचारावा, आणि अर्थ विचारण्याच्या निमित्ताने बाकीची चौकशी करावी. ज्यांची आई गेली आहे त्यांनी तिच्यावर अतृप्तीचा आरोप करू नये. ती ज्यांना वाढीत असे त्यांपैकी कोणी उपाशी असेल तर त्याला वाढावे. तिचा एखादा भाऊ, एखादी नणंद, एखादी जुनी मैत्रीण गावी एकटी असेल तर तिच्या दारी जाऊन यावे. आणि यापुढे बैठकीत कोणी आईचे स्वप्न सांगू लागला, तर भाष्य करण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे, की त्याची रजा किती शिल्लक आहे.